दहावी ओळही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या पुरवण्यांत, शाळांच्या फलकांवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत अंकांची एक त्रिकोणी चौकट वर्षानुवर्षे दिसते. १ चा वर्ग १, ११ चा १२१, १११ चा १२३२१ असे करत ती नवव्या ओळीपाशी येऊन थांबते: १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. खाली ‘गणिताची जादू’ असे काहीतरी लिहिलेले असते. दहावी ओळ मात्र कधीच नसते. आमची तक्रार त्या न छापलेल्या ओळीबद्दल आहे, कारण खरी गंमत तिथेच सुरू होते.

आधी ही ‘जादू’ घडते कशी ते पाहू. पाटीवर गुणाकार मांडला की नऊ एकांची तीच संख्या नऊ वेळा खाली खाली येते, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. एककाच्या घरात एकच १, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन, असे वाढत नवव्या घरात नऊ एक येतात आणि तिथून पुन्हा आठ, सात, सहा अशी उतरण लागते. एकूण १७ घरे. एकाही घरातली बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि प्रत्येक घरात किती एक आहेत ती मोजणीच उत्तर म्हणून समोर उभी राहते. एवढेच. आपण दहाऐवजी बाराच्या पटीत मोजत असतो तर हीच चौकट नऊऐवजी अकरा ओळींपर्यंत गेली असती.

या संख्यांना मराठी मुलखातले नाव आहे आणि तेही चौकटीत कधी छापले जात नाही. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. डेम्लो हे त्या वेळच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचे, मुंबईपासून ३० मैलांवरचे स्थानक, म्हणजे आजची डोंबिवली. ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये १९३८ साली त्यांचा यावर लेख आला. कापरेकर म्हटले की ६१७४ च्या (चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले की शेवटी येणाऱ्या संख्येच्या) पलीकडे कोणी जात नाही. अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून त्यांची ओळख जगाला करून दिली, पण आपल्याकडे अजून त्या एका आकड्यावरच भागते.

कापरेकरांची व्याख्या नुसत्या दिसण्यावर नाही. संख्येचे तीन भाग करायचे. मधल्या भागात एकच अंक, एकदा किंवा पुन्हा पुन्हा, यावा, आणि डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली तर तीही त्याच अंकाची पुनरावृत्ती असावी. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६, मध्येही ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. आता आपल्या मोठ्या संख्येकडे वळू. मधला अंक ९. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९. डेम्लोची अट तंतोतंत पाळली गेली. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३. चौकटीतली दुसऱ्यापासून नवव्यापर्यंतची प्रत्येक ओळ अशी तपासता येते, आणि चौथीतल्या मुलालाही बेरजेपलीकडे काही लागत नाही.

आता दहावी ओळ. दहा एकांच्या वर्गात १९ घरे येतात आणि मधल्या घरात दहा एक साचतात. तिथे ० मांडून हातचा १ डावीकडे जातो. डावीकडच्या घरात ९ होते, त्यात १ मिळवला की पुन्हा १०, म्हणून पुन्हा ० आणि हातचा १. त्याच्या डावीकडे ८ होते, ते ९ होऊन थांबते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून वाचा आणि उजवीकडून वाचा, सारखे राहिले नाही. सातनंतर आठ गायब, थेट नऊ, मग दोन शून्ये. सौंदर्य बिघडले म्हणून चौकटवाले ही ओळ गाळतात.

पण ही बिघडलेली ओळ मधून तोडून पाहा. उजवीकडचे दहा अंक एका बाजूला, उरलेले नऊ दुसऱ्या बाजूला: १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. बेरीज करा. ११११११११११. ज्या संख्येचा वर्ग घेतला तीच परत आली! ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, किंवा २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७, अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. डेम्लोचा डौल जिथे संपतो त्याच ओळीत कापरेकर संख्या उभी आहे.

हा योगायोग नाही, त्यामागे नियम आहे. कितीही एक घ्या, वर्गाचे उजवीकडून तितकेच अंक तोडा आणि डावीकडे उरलेल्या भागात मिळवा. तीन एक: १२ आणि ३२१ मिळून ३३३, म्हणजे १११ ची तिप्पट. आठ एक: १२३४५६७ आणि ८७६५४३२१ मिळून ८८८८८८८८, आठपट. नऊ एक: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ मिळून ९९९९९९९९९, नऊपट. दहा एक: एकपट. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१, त्याचे भाग १२३४५६७९०१ आणि २०९८७६५४३२१, बेरीज २२२२२२२२२२२, दुप्पट. बारा एकांना तिप्पट. म्हणजे एकांची संख्या नवाने भागून जी बाकी उरेल तितकी पट, आणि बाकी शून्य असेल तर नऊपट.

सिद्धता नववी-दहावीच्या आवाक्यात आहे. दहा एकांच्या संख्येला ‘स’ म्हणू. स ची नऊपट म्हणजे दहा नवे, आणि त्यात १ मिळवला की १ वर दहा शून्ये. म्हणून ९स ने भागताना १ वर दहा शून्ये असलेल्या संख्येची बाकी १ येते. त्यामुळे वर्ग तोडून दोन तुकड्यांची बेरीज केली तरी ९स ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. आता स ला नवाने भागले तर बाकी १ (अंकांची बेरीज १०), म्हणून स चा स पट घेतल्यावर ९स च्या पूर्ण पटी निघून जातात आणि मागे स उरतो. बेरीज त्याहून ९स ने मोठी असू शकत नाही, कारण मग ती दहापट झाली असती आणि तुकड्यांचे आकार पाहता तेवढी जागाच नाही. यापुढची अशी संख्या १९ एकांची, मग २८ एकांची. त्यातली १९ एकांची संख्या मूळ संख्याही आहे, हे जाता जाता. नुसत्या एकांनी बनलेल्या मूळ संख्या फार विरळ: २, १९, २३, ३१७ एकांच्या, आणि मग १०३१ एकांची, जिची सिद्धता १९८६ मध्ये झाली.

नवव्या ओळीत परत येऊ, कारण तिचे अवयव पाडल्याशिवाय ती ओळखीची होत नाही. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडले की १११ × १००१००१ हे उघड दिसते. १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. म्हणून १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७, आणि तिच्या वर्गात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. विभाजक किती? घातांकांत एकेक मिळवून गुणायचे: ५ × ३ × ३ = ४५. विषम आले, पूर्ण वर्गाचे तसेच यायला हवे.

३३३६६७ मूळ आहे हे मात्र नुसते छापून चालणार नाही, ते तपासावे लागते आणि इथेच मुले थकतात. तिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये. ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत, इतके भागाकार कोण करणार? पण तितक्यांची गरज नाही. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. म्हणून तिचा जो कोणी मूळ अवयव असेल तो नऊ नवांनाही भागेल. तो ९९९ ला भागत असेल तर ३ किंवा ३७ असणार, आणि ते दोन्ही इथे चालत नाहीत: अंकांची बेरीज २८, आणि ३३३ अधिक ६६७ म्हणजे १०००, ज्याला ३७ ने भागले तर १ उरतो. उरलेल्या कोणत्याही अवयवासाठी १ भागिले तो अवयव हा दशांश बरोबर नऊ अंकांनी आवर्तायला हवा, आणि तसे होण्यासाठी त्या अवयवातून १ वजा केल्यास १८ ने भाग गेला पाहिजे. अशा मूळ संख्या, ३७ वगळून, फक्त १६: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. पहिल्याने भागले तर बाकी ८, १६३ ने ६, ५७७ ने १६१. सोळांपैकी एकानेही भाग जात नाही. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीच्या गृहपाठात दहा निरर्थक गुणाकार देण्यापेक्षा हे एक द्यावे.

अवयव हातात आले की लपलेल्या गोष्टी बाहेर पडतात. ३७ म्हणजे १ आणि ३६ या दोन वर्गांची बेरीज, म्हणून १२, ३५, ३७ हे पायथागोरसचे त्रिकूट. त्याला ३००३००३ ने (९ × ३३३६६७) गुणले की एक काटकोन त्रिकोण मिळतो: बाजू ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५, कर्ण १११११११११. म्हणजे चौकटीतली नववी संख्या दोन वर्गांची बेरीजही आहे. शून्याचा वर्ग वगळता ती दुसऱ्या कोणत्याही प्रकारे तशी मांडता येत नाही, कारण ३ आणि ३३३६६७ या दोन्ही संख्या चाराने भागल्यावर ३ उरणाऱ्या आहेत आणि अशा मूळ संख्या या बाबतीत काहीच हातभार लावत नाहीत. आमच्या मते ‘जादू’ शब्द वापरायचाच तर या त्रिकोणासाठी वापरावा.

ही संख्या हर्षदही आहे. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो तिला कापरेकरांनीच हे नाव दिले. इथे बेरीज ८१, आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजेच १२३४५६७९ चा वर्ग. त्या १२३४५६७९ मध्येही आठ गायब आहे हे ध्यानात आले असेल. दहाव्या ओळीत आठ ज्या हातच्यामुळे गेले त्याच हातच्यामुळे इथेही गेले. १ भागिले ८१ चा दशांश ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा चालतो; ०, १, २, ३ असे एकेक घर मांडत गेलो की दहाला हातचा निघतो आणि नवाला शून्य, आठाला नऊ करून जातो.

हे आठ गाळलेले छापताना हमखास चूक होते. मुद्रितशोधकाला वाटते अंक सुटला, तो आठ घालतो आणि छापून येते १२३४५६७८९ × ९ = १११११११११. खरे उत्तर ११११११११०१. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नववी ओळ १२३४५६७८९९८७६५४३२१ अशी, दोन नवांची छापणे. अंक १८ होतात. नवाची कसोटी लावली तर ही चूक पकडली जात नाही: बेरीज ८१ ऐवजी ९० येते, दोन्हींना नवाने भाग जातो. अकराची कसोटी लावावी. एक सोडून एक अंकांच्या बेरजांतला फरक खऱ्या संख्येत १ येतो, चुकीच्या संख्येत ०. म्हणजे चुकीच्या संख्येला ११ ने भाग जातो, भागाकार ११२२३३४४५४४३३२२११, आणि त्याला पुन्हा ११ ने भाग जात नाही. ११ ने भाग जातो पण १२१ ने जात नाही, अशी संख्या कोणाचाही वर्ग असू शकत नाही. पानाच्या समासात अर्ध्या मिनिटात होणारी तपासणी आहे.

यंत्रावर विसंबणाऱ्यांसाठीही एक सूचना. एक्सेलच्या घरात ही संख्या टाकली तर शेवटचे दोन अंक शून्य होतात, १२३४५६७८९८७६५४३००, कारण तिथे १५ अंकांपलीकडे काही टिकत नाही. या बदललेल्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८, तीनने भाग जातो, नवाने नाही, म्हणजे वर्गपण गेलेच. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये शेवटचा १ जाऊन ० येतो: ९००७१९९२५४७४०९९२ नंतर तिथल्या साध्या संख्या दोन-दोनच्या पायऱ्यांनी चालतात आणि विषम संख्येला जागाच नसते. पायथॉन या संगणकभाषेत पूर्ण उत्तर मिळते. साधे दहा अंकी कॅल्क्युलेटर असेल तर संख्या फोडावी: १११११ दहा हजार आणि वर ११११. तीन तुकडे येतात. १११११ चा वर्ग १२३४५४३२१, त्यापुढे आठ शून्ये. दोघांच्या गुणाकाराची दुप्पट २४६८८६४२, त्यापुढे चार शून्ये. ११११ चा वर्ग १२३४३२१. कागदावर बेरीज केली की सतराही अंक जागेवर येतात.

स्वल्पविरामांचेही पाहावे. आपल्या पद्धतीने लिहिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असे होते आणि वाचायला मौज वाटते. ३७ ची कसोटी मात्र उजवीकडून तीन-तीनच्या गटांनी लावायची असते: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७, जे ३७ ची ८१ पट आहे. आपल्या स्वल्पविरामांप्रमाणे दोन-दोनचे गट मिळवत बसलेला मुलगा चुकणार आणि कसोटीच खोटी म्हणणार. (वर ३३३६६७ शी गुणलेली संख्याही २९९७ च होती. ते मात्र निव्वळ जुळून आले आहे.) स्थानांची नावे हवी असतील तर भास्कराचार्यांच्या लीलावतीतली यादी घ्यावी. तिच्यात सतरावे स्थान ‘मध्य’ आणि अठरावे ‘परार्ध’, म्हणून या संख्येचा पहिला १ मध्याच्या घरात बसतो.

चौकटीची सहावी ओळ तर त्याहून जुनी. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात २७९९४६८१ × ४४१ या गुणाकाराचे उत्तर, एकापासून सहापर्यंत चढून उतरणारी संख्या, म्हणजे १२३४५६५४३२१, दिले आहे. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा, आणि २१ × ५२९१ = ११११११.

तेव्हा पुढच्या वेळी ही चौकट छापताना नवव्या ओळीखाली एवढे घालावे, अंकांत बदल न करता:

११११११११११ चा वर्ग = १२३४५६७९००९८७६५४३२१
१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

आणि खाली विचारावे, बारा एक घेतले तर किती पट येईल?

आपले,
गणित शिकवणारे काही जण,
डोंबिवली